अंधार पडला की पीओई कॅमेरा बंद पडतोय, मदत हवी आहे

मंडळी, सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं हळदीचं गोडाऊन आहे, तिथं पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचवर ४ कॅमेरे लावलेत, ३ ओके पण मागच्या शेडमधला दिवसभर झकास चालतो आणि अंधार पडून आयआरचे (अंधारात दिसायला लागणाऱ्या इन्फ्रारेड दिव्यांचे) लाल ठिपके पेटले की बंद, परत चालू, परत बंद. केबल ८५-९० मीटर असंल, म्हणजे १०० मीटरच्या मर्यादेच्या आतच. स्विच ८०२.३एएफ (पीओईचं साधं स्टँडर्ड), पोर्टला १५.४ वॅट म्हणजे केबलमधली घट जाऊन कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ धरायचे, कॅमेऱ्यावर १२ लिहिलंय. काल केबलचं टोक सोलून खरवडलं तर तार आतून पांढरी, तांब्याचा नुसता मुलामा! वायरमन म्हणतो सगळे हीच वापरतात (वापरत असतील बाबा). आता प्युअर कॉपर ओढू का ३० वॅटवाला एटी (८०२.३एटी) स्विच घेऊ? शिडी एकदाच लावायची आहे.