'उशिरा आलेली गाडी' इंग्रजीत कशी आणायची?

प्रश्न: मुलगी दहावीला आहे. विशेषण-वाक्य छोटं करायचा स्वाध्याय होता. 'द लेटर विच वॉज रिटन बाय हर'मधलं 'विच वॉज' गाळून तिने 'द लेटर रिटन बाय हर' केलं, ते बरोबर आलं. त्याच धर्तीवर 'द ट्रेन अराइव्ड लेट वॉज फुल' लिहिलं, तर बाईंनी लाल रेघ मारली. मराठीत 'तिने लिहिलेलं पत्र' आणि 'उशिरा आलेली गाडी' दोन्ही चालतात. मग इंग्रजीत का नाही?

उत्तर: मराठीच्या हिशेबाने मुलीचं काहीच चुकलेलं नाही, हे तिला आधी सांगा. आपलं 'लेला' फार मोकळं आहे. 'मुलाने वाचलेलं पुस्तक' म्हणा की 'पुस्तक वाचलेला मुलगा', ते कर्मालाही लागतं आणि कर्त्यालाही. इंग्रजीत 'रिटन'सारखं रूप नामामागे आलं की ते बहुधा कर्मणीच असतं. पत्र लिहिलं जातं, म्हणून तिथे जमतं. गाडी स्वतःच येते, तिला कोणी 'येववत' नाही, म्हणून 'विच' ठेवावंच लागतं: 'द ट्रेन विच अराइव्ड लेट वॉज फुल'. ते गाळलं की 'द ट्रेन अराइव्ड लेट' हे पुरं वाक्यच होतं, 'गाडी उशिरा आली', आणि 'वॉज फुल' लटकत राहतं.

'फॉलन लीव्ह्ज', 'रिटायर्ड टीचर' असे मोजके अपवाद आहेत. तिथे रूप नामाच्या आधी येतं. ते सरळ पाठ करावेत.

प्रश्न: मग 'आयएनजी' लावलं तर?

उत्तर: 'पुण्यात राहणारे लोक'ला 'पीपल लिव्हिंग इन पुणे' अगदी चोख बसतं. पण आपलं 'णारा' काळाला बांधलेलं नाही. 'काल फोन करणारा मुलगा' आपण सहज म्हणतो. 'द बॉय कॉलिंग येस्टरडे' मात्र चालत नाही, 'द बॉय हू कॉल्ड येस्टरडे' असंच लिहावं लागतं. अशा जागी आयएनजी चालू किंवा नेहमीची क्रिया दाखवतं, एकदाच होऊन गेलेली नाही.

आणखी एक भर: नियमात बसवून छोटं केलेलं वाक्यही घोटाळ्यात पाडू शकतं. 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' हे थॉमस बेव्हर या भाषाशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेलं वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, तरी वाचणारा 'फेल'पाशी ठेचकाळतोच, कारण 'रेस्ड' म्हणजे घोडा स्वतः धावला असं तो आधी धरून चालतो. हेच मराठीत 'कोठारावरून पळवत नेलेला घोडा पडला' असं वाचताना कोणी अडत नाही, कारण 'नेला' आणि 'नेलेला' ही आपली रूपंच वेगळी आहेत.