२०१३चा रिसीव्हर: बदलावा की राहू द्यावा?

धागाकर्ता
आमचा ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि बासचा एक सबवूफर यांना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प) २०१३चा, एचडीएमआय १.४ या जुन्या जोडणीचा. गेल्या दिवाळीत ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला आणि तेव्हापासून घरात कुरबुर सुरू आहे. स्ट्रीमिंगचा बॉक्स रिसीव्हरमधून नेला की चित्र फोर-केवरून १०८०च्या साध्या एचडीवर उतरतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आईला संवाद कळत नाहीत. गाणं लागलं की भिंती हादरतात, माणसं बोलायला लागली की आवाज वाढवावा लागतो. मुलगा म्हणतो, अ‍ॅटमॉसवाला, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारा, नवा घेऊ. साठ हजार बाजूला काढलेत, पण चालू यंत्र बदलायला मन धजत नाही. हॉल १२ बाय १५ फूट, खाली टाइल्स, वर स्लॅब. काय करावं?

प्रतिसाद १
बदलू नका. तुमची दोन दुखणी वेगळी आहेत आणि दोन्हींवर फुकटात इलाज होतो.

चित्राचं आधी. फोर-के मजकुराला एचडीसीपी २.२ हे कॉपी-संरक्षण लागतं, ते तुमच्या रिसीव्हरमध्ये नाही. म्हणून बॉक्स पूर्ण चित्र सोडतच नाही. बॉक्स सरळ टीव्हीला जोडा आणि टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (टीव्हीचा आवाज परत रिसीव्हरला देणारं एचडीएमआय पोर्ट) एक केबल रिसीव्हरला न्या. स्ट्रीमिंगचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) आवाजातच गुंडाळून येतो. जुना रिसीव्हर बहुधा त्यातलं ५.१ वाजवेल, फक्त वरून येणारा उंचीचा थर मिळणार नाही.

आता संवाद. सेंटर स्पीकर (संवाद वाजवणारा मधला) टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सरकवलाय का? मी कित्येक घरांत हेच पाहिलंय. कप्प्याच्या लाकडात आवाज घुमतो आणि शब्दांची धार जाते. स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, समोरून थोडा उचलून तोंड कानाच्या दिशेला करा, मग सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा. टाइल्सवर जाड सतरंजी, खिडकीला जड पडदा. साठ हजारांच्या रिसीव्हरला हे काम जमणार नाही.

प्रतिसाद २
सेंटरबद्दल पटलं, बाकी नाही. आज बॉक्स आहे, उद्या मुलगा प्लेस्टेशन ५ आणेल. त्याचं बहुवाहिनी पीसीएम (न दाबलेला आवाज) साध्या एआरसीतून जात नाही, दोन वाहिन्या उरतात. ब्ल्यू-रे डिस्कचा ट्रूएचडी हा डॉल्बीचा अस्सल दर्जाचा आवाजही जात नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती हवी.

शिवाय खोली. १५ फूट लांबीत साधारण ३८ हर्ट्झच्या खोल बासला आवाज भिंतींमध्ये घुमून फुगतो (हाच उंचवटा), म्हणून गाण्याला दणका बसतो. जुन्या स्वस्त रिसीव्हरमधलं रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज सुधारणारी सोय) खालच्या स्वरांना जेमतेम हात लावतं. नव्यातलं चांगलं करेक्शन हा उंचवटा बऱ्यापैकी दाबतं. मी बदलला तो केवळ त्यासाठी, आणि मला पश्चात्ताप नाही.

प्रतिसाद १
प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी डॉल्बी निवडा, टीव्ही तो पुढे देत असेल तर एआरसीतूनही ५.१ मिळतं. घरात ब्ल्यू-रे प्लेअर नसताना ट्रूएचडीची चिंता कशाला?

३८ हर्ट्झचं म्हणणं बरोबर आहे, पण आधी सबवूफरची जागा बदलून बघा. सब सोफ्यावर ठेवा, बासचं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने जमिनीवर बसत बसत फिरा. जिथे बास एकसारखा ऐकू येतो, तिथे सब न्या. करेक्शन उंचवटा कापतं, पण खड्डा (जिथे बास गायबच होतो) भरून काढू शकत नाही. तिथे नुसती अ‍ॅम्पची ताकद वाया जाते.

प्रतिसाद ३
अ‍ॅटमॉसबद्दल दोन शब्द. ५.१.२, म्हणजे ५.१ आणि उंचीचे दोन स्पीकर, यासाठी सात वाहिन्यांचा अ‍ॅम्प आणि आणखी दोन स्पीकर लागतील. स्लॅबमध्ये स्पीकर बसवणं जवळपास अशक्य. वर तोंड करून आवाज छतावर आपटणारे स्पीकर सपाट स्लॅबला चालतात, पण छताचा पंखा नेमका वाटेत आहे का ते बघा. हा सगळा खर्च धरला तर साठ हजार पुरणार नाहीत. आणि ८० वॉटवरून १०० वॉटवर गेलात तर फरक जेमतेम एक डेसिबलचा, त्या आकड्यासाठी पैसे देऊ नका.

प्रतिसाद २
तरी वय विसरू नका. बंद कपाटात दहा-बारा वर्षं तापलेले आतले सुटे भाग, कपॅसिटर, एक दिवस दगा देतात, आणि बंद पडलेल्या रिसीव्हरला कोणी किंमत देत नाही. चालू आहे तोवर विकता तरी येईल.

धागाकर्ता
काल संध्याकाळी सेंटर पुढे ओढला, खाली दाराला लावतात ती रबरी पाचर दिली, पातळी ३ डेसिबल वाढवली. बॉक्स टीव्हीला जोडला. चित्र फोर-के आलं. बातम्यांनंतर आईने मालिका पूर्ण बघितली आणि एकदाही “काय म्हणाला रे?” विचारलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

प्रतिसाद २, तुमचा कपाटाचा मुद्दा मात्र लागला. युनिटची मागची फळी आज काढली, रिसीव्हरच्या वर चार बोटं मोकळी ठेवली. साठ हजारांपैकी सतरंजी आणि पडद्याचे पैसे काढतोय. मुलाला सांगितलंय, सबची जागा रविवारी दोघं मिळून शोधू. त्यानंतरही गाणी हादरवत राहिली तर रूम करेक्शनबद्दल तुम्हालाच विचारेन.