मदत हवी आहे: शनिवारी बेळगावात चित्रांचं प्रदर्शन कुठं चालू आहे? लवकर सांगा

अनगोळकर (गुरुवार, रात्री ९:४०)
शनिवारी सकाळी बेळगावात कुठं चित्रांचं प्रदर्शन बघायला मिळेल? गूगलवर दोन तास घालवले. एकतर तीन-चार वर्षांपूर्वीच्या बातम्या येतात, नाहीतर बंगळूरच्या गॅलऱ्या. दोन ठिकाणी फोन लावला, कुणी उचलला नाही. एका कॅफेत चित्रं लावलीत असं मैत्रिणीनं सांगितलं म्हणून आज ऑफिस सुटल्यावर तिकडं गेले, तर सगळ्या छापील फ्रेमा. मला खरी चित्रं हवीत. शनिवार सकाळ एवढाच वेळ आहे. कोल्हापूर-गोवा सांगू नका. नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा, प्लीज.

वडगावची सून
ताई, आमच्या इकडच्या कार्यालयात प्रदर्शन लागलंय की. रविवारपर्यंत आहे. साड्या, चादरी, लाकडी खेळणी, लोणची सगळं आहे. पार्किंगपण आहे.

अनगोळकर
तसलं नाही हो. चित्रांचं. हातानं काढलेल्या.

वडगावची सून
असं होय. आपल्याकडं प्रदर्शन म्हटलं की सेलच डोळ्यांसमोर येतो, म्हणून सांगितलं. खेळण्यांवर हातानंच रंगकाम केलंय पण. गोकाकची लाकडी फळं बघितलात काय कधी? केळं खरं का लाकडाचं ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

टिळकवाडीकर
बेळगावात चित्रप्रदर्शनासाठी पहिलं नाव घ्यायचं ते टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या इमारतीतल्या के. बी. कुलकर्णी कलादालनाचं. गावात चित्रकलेचं जे वातावरण आहे त्याचं मूळ केबी सरच, म्हणजे हेच चित्रकार कुलकर्णी. चित्रकार रवी परांजपे बेळगावचे, जन्म १९३५ चा, तेही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. मात्र दालन आहे म्हणून तिथं रोज प्रदर्शन असेलच असं धरून चालू नका. लोक चार-पाच दिवसांसाठी घेतात, मग मधले दिवस मोकळे. फोन नाही लागला तर जाऊन दारावरचा कागद बघायचा. हीच खात्रीची पद्धत.

आणि तुम्ही कोणासाठी विचारताय? शाळेची मुलं आहेत का? किती जण? गाडी आहे का? हे सांगितलात तर जरा नीट सांगता येईल.

कोल्हापूरला चला
कोल्हापूर नको म्हणालात तरी सांगतो, कारण चित्रं बघायचीच असतील तर चार दिवसांच्या प्रदर्शनामागं धावण्यात अर्थ नाही. कायमची मांडलेली चित्रं बघा. ११० किलोमीटर, दोन तास. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे संग्रहालय आहे. लोकांना ते सिनेनट म्हणून माहीत, पण त्यांचं पावडर शेडिंग बघाच. ब्रश नाही, कोरडी पावडर कागदावर घासत घासत उजेड-सावली आणलेली. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या दालनात नवीन मुलांची प्रदर्शनं लागतात. चित्रकार आबालाल रेहमान कोल्हापूरचे, १९३१ ला गेले, त्यांनी कोटितीर्थ तलाव किती वेळा रंगवला! टाउन हॉल म्युझियम पण बघून घ्या. फक्त सोमवारी जाऊ नका.

चोर्लामार्गे
दोन तास कोल्हापूरला घालवायचे तर जरा जास्त वेळ काढून पणजी का नको? पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, सुबोध केरकरांनी उभारलेलं. पणजीत आल्तिनोवर सुनापरान्त कला केंद्र आहे. आजची कला तिथं दिसते. कोल्हापुरात सगळं जुनं.

कोल्हापूरला चला
जुनं म्हणजे वाईट असं कुणी सांगितलं तुम्हाला? बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा बनवण्यापर्यंत पोचले. ज्या गावात पडदे रंगवणाऱ्याला एवढा मान मिळाला, त्या गावाला जुनं म्हणून बाजूला टाकू नका. आणि गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटात वळणावर पोटातलं बाहेर येतं, ते तुम्ही सांगत नाही.

चोर्लामार्गे
दर महिन्याला जातो मी. काही होत नाही.

अनगोळकर
मी वर लिहिलंय, कोल्हापूर आणि गोवा नको म्हणून. शनिवारी सकाळी. बेळगावात.

म्हैसूर एकदा बघाच
विषय चित्रांचा निघाला म्हणून सांगतो. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हातात दिवा घेतलेल्या बाईचं रवी वर्म्याचं चित्र आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की बाकी सगळी चित्रं फिकी पडतात. आयुष्यात एकदा तरी बघा.

निपाणीकर
ते रवी वर्म्याचं नाही. हळदणकरांचं आहे. सावळाराम हळदणकर, सावंतवाडीचे. म्हणजे आंबोली उतरलं की आपल्या शेजारचेच. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि रवी वर्मा तर १९०६ ला गेले. शिवाय ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. जलरंगात दिव्याचा तसा उजेड आणायचा म्हणजे कागद पांढरा कुठं ठेवायचा ते आधीच ठरवावं लागतं, नंतर दुरुस्ती होत नाही. दिवा धरलेली मुलगी म्हणजे त्यांचीच लेक, गीता. लग्नानंतर त्या उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहायच्या, २०१८ मध्ये वारल्या. वयाची शंभरी ओलांडली होती. माझ्या आजोबांच्या दुकानात याच चित्राचं कॅलेंडर होतं, खाली रवी वर्मा असं छापलेलं. तेव्हापासून ही चूक ऐकतोय, म्हणून राहवलं नाही.

म्हैसूर एकदा बघाच
धन्यवाद, माहीत नव्हतं. चित्र मात्र बघाच.

अनगोळकर
मंडळी, म्हैसूर पाचशे किलोमीटरवर आहे. मला वाटलं होतं एक ओळ विचारली की एक ओळ उत्तर मिळेल. सांगते सगळं.

बाबांना न्यायचंय. वय ७४. बाबा बोर्ड रंगवायचे. खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, तीस-पस्तीस वर्षं. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही लिपींत त्यांचा हात सारखाच चालायचा. मग फ्लेक्स आलं आणि काम गेलं. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. दर शनिवारी सकाळी फिजिओथेरपीला टिळकवाडीत नेते, साडेदहाला मोकळे होतो. रिक्षा तीच थांबवून ठेवते. गेल्या आठवड्यात येताना म्हणाले, "कुणाचीतर चित्रं बघायची होती गं." दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. म्हणून घाई.

एका ठिकाणी मागच्या शनिवारीच घेऊन गेले होते. हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. बाबा खाली रिक्षात बसून राहिले. तसं परत व्हायला नको.

टिळकवाडीकर
हे पहिल्यांदा सांगितला असता तर इतकं पुराण झालं नसतं, ताई. पायऱ्या किती, बसायला खुर्ची आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का, एवढंच बघायचं. उद्या तिकडंच जाऊलोय, बघून येतो. फोनवर विचारलं तर सगळेच "थोड्याच पायऱ्या आहेत" म्हणतात.

कोल्हापूरला चला
ताई, मी माझं मागं घेतो. आधी कळलं असतं तर बोललोच नसतो. बाबांना बरं वाटलं की कधीतरी घेऊन या, राजारामपुरीत आमचं घर आहे.

निपाणीकर
कॅफेत छापील होतं म्हणालात ते कसं ओळखलात? बहुतेकांना कळत नाही. आता कॅनव्हासवरच छापतात आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात, त्यामुळं हात लावला तर ब्रशचं काम वाटतं. फटकारे एका दिशेला आणि खालचा रंग दुसऱ्या दिशेला जात असेल तर समजायचं. मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन मोठं करून बघायचं, बारीक ठिपके दिसले की छपाई.

अनगोळकर
मला नाही कळलं. फोटो काढून बाबांना दाखवला. ते एका सेकंदात म्हणाले, "हे मशीनचं."

फ्रेमवाले काका
बाबांच्या हातची जुनी चित्रं घरी असतील तर ऐका. आपल्याकडचा पावसाळा कागदाला वाईट. काच थेट चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घाला. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. टांगायचंच तर फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळते, बुरशी धरत नाही. आणि लॅमिनेशन कधीही करू नका. आयुष्यभराचं काम प्लॅस्टिकमध्ये चिकटवून आणणारे लोक माझ्याकडं येतात, मग मला काहीच करता येत नाही.

चोर्लामार्गे
काका, फ्रेमचं कोण विचारलंय इथं?

फ्रेमवाले काका
कुणी नाही. पण बोर्ड रंगवणाऱ्यांच्या घरी अक्षरांचे जुने नमुने, कागदावरचे कच्चे आराखडे असतात. ते कुणी जपत नाही. रद्दीत जातात. म्हणून सांगितलं.

अनगोळकर
आहेत काका. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक आहे. रविवारी उघडून बघते.

बोर्डावर कन्नड
तिन्ही लिपी म्हणालात ते वाचून आठवलं. बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे असा नियम झाल्यावर बोर्ड बदलायचं केवढं काम निघालं होतं! हातानं रंगवणारे शिल्लक असते तर

नियामक
बोर्डावरच्या भाषेचा विषय या धाग्यावर नको. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथं शनिवार सकाळबद्दल लिहा.

वडगावची सून
ताई, पेपरात स्थानिक पानावर "आजचे कार्यक्रम" येतात, ते बघितलात काय? आणि कन्नड पेपरातपण बघा. शब्द दोन्हीकडं जवळजवळ एकच, चित्रकला प्रदर्शन. आमच्या दिराला कन्नड येतं, हवं तर विचारते.

टिळकवाडीकर (शुक्रवार, संध्याकाळी ७:१५)
जाऊन आलो. तीन ठिकाणं बघितली. पहिल्या ठिकाणी काल संपलं, चित्रं उतरवत होते. दुसऱ्या ठिकाणी सोमवारी उद्घाटन, आत आत्ता नुसते खिळे ठोकणं चाललंय. तिसऱ्या ठिकाणी मिळालं. एका चित्रकला वर्गाच्या मुलांचं वर्षभराचं काम त्यांच्याच हॉलमध्ये लावलंय. मोठ्या नावाचं कुणी नाही, आधीच सांगतो. पण सगळं हाताचं आहे. जलरंग जास्त, काही पेन्सिलीतली माणसं. तळमजला, एकच पायरी, रिक्षा दारात येते. शनिवारी एक वाजेपर्यंत उघडं. तिथल्या सरांना बाबांबद्दल सांगून ठेवलंय, हाताची खुर्ची बाहेर काढून ठेवतो म्हणाले. पत्ता तुम्हाला निरोपात पाठवलाय, इथं लिहीत नाही.

अनगोळकर
काका, काय बोलू? जाते नक्की.

चोर्लामार्गे
मुलांचं कामच बघायचं होतं तर... असो. कसं झालं ते कळवा.

अनगोळकर (शनिवार, दुपारी २:३०)
जाऊन आलो. दीड तास बसलो.

आधी बाबा काहीच बोलले नाहीत. खुर्ची एकेका चित्रासमोर सरकवत नेली. पेन्सिलीतल्या माणसांकडं फार बघितलं नाही. एका मुलानं गणपत गल्ली केली होती, पाऊस पडून गेल्यावरची, रस्त्यावर पाणी, दोन्ही बाजूंना दुकानं. तिथं थांबले. म्हणाले, रस्ता बरोबर आहे, पाणी बरोबर आहे, पण बोर्ड सगळे वळवळलेत. खरंच, मुलानं बोर्डांवर नुसत्या रेघोट्या मारल्या होत्या, दुरून अक्षर वाटावं म्हणून. तो मुलगा तिथंच होता, सतरा-अठरा वर्षांचा. तो म्हणाला, "आजोबा, तिरकं अक्षर काढायला जमत नाही."

बाबांनी पेन्सिल मागितली. उजवा हात चालत नाही, डाव्यानं धरली. मुलानं पॅड त्यांच्यासमोर धरलं. आधी शिरोरेषा ओढली, रस्ता लांब जातो तशी खाली उतरत जाणारी. मग अक्षराच्या पायाची रेष, तीही खाली उतरणारी, पण कमी तिरकी. दोन्ही रेषा लांबवर एका ठिपक्यात नेऊन मिळवल्या. मग त्या दोन रेषांत अक्षरं बसवली. पहिलं अक्षर रुंद, पुढचं अरुंद, त्याच्या पुढचं आणखी अरुंद. मुलाला म्हणाले, "उंची सगळे कमी करतात, रुंदी कमी करायला विसरतात. अक्षर तिथं पडतं." हात थरथरत होता. रेष थरथरली, पण अक्षर उभं राहिलं. सर पण मागं येऊन उभे होते. मुलानं तो कागद ठेवून घेतला.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, डाव्या हाताला ब्रश धरून बघायचा. आता ब्रश पाहिजे. त्यांचे जुने सगळे कडक होऊन गेलेत, टर्पेंटाइनमध्ये ठेवून बघितले, सुटत नाहीत. बेळगावात चांगला ब्रश कुठं मिळेल? आजच पाहिजे, दुकानं बंद व्हायच्या आत.

निपाणीकर
कसला ब्रश? चपटा का गोल? खारीच्या केसांचा का डुकराच्या केसांचा?

फ्रेमवाले काका
कितव्या नंबरचा? आणि इनॅमलला वापरणार का पोस्टर कलरला? डाव्या हातानं सुरुवात करतायत तर दांडा जाड असलेला घ्या.

टिळकवाडीकर
दुकानं साडेआठपर्यंत उघडी असतात. ताई, बाबांनाच विचारून सांगा.

अनगोळकर
थांबा. झोपलेत. उठले की विचारते.