विंडसर्फिंगचे टाकाऊ मास्ट उजनीतल्या शिडाच्या होड्यांना चालतील का?

भीमाकाठ_माढा:
यशवंतसागरावर, म्हणजे आपल्या उजनीच्या जलाशयात, मुलांना शिडाच्या छोट्या होड्या शिकवाव्यात असं मला मनापासून वाटतं. जलसंपदा विभागाची परवानगी, लाइफ जॅकेट हे सगळं लागेलच. इथे प्रश्न फक्त काठ्यांचा आहे. डोलकाठी, शिडाची आडवी काठी आणि खालचा बूम (शिडाची खालची कड ताणणारी काठी) हे तिन्ही विंडसर्फिंगच्या, म्हणजे फळीवर शीड लावून पाण्यावर धावायच्या खेळाच्या, टाकून दिलेल्या मास्टमधून (डोलकाठ्यांमधून) करावेत, असं माझं मत आहे. हे मास्ट बहुतेक वेळा बूम जिथे आवळतात तिथे किंवा मधल्या जोडापाशी तडकतात. बाकीची नळी धडधाकट असते, तरी ती कचऱ्यात जाते. ही नळी कार्बन-इपॉक्सीची, म्हणजे कार्बनचे तंतू इपॉक्सी या चिकट रसायनात घट्ट बसवलेली असते, ती वितळवून पुन्हा ओतता येत नाही. आहे तशी वापरणं हाच तिचा सर्वांत चांगला उपयोग.

आता वजनाचं बघा. भरपूर कार्बन असलेला 460 सेंमीचा मास्ट दोन किलोच्या आसपास भरतो. तेवढीच सागवानी काठी सात-आठ किलोची होते. हे वाचलेले पाच किलो पाण्यापासून साधारण दोन मीटर उंचीवरचे आहेत. तेवढं वजन वर ठेवून होडी तितकीच स्थिर करायची, तर अर्धा मीटर खाली वीस किलो भार टाकावा लागेल. शिवाय धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं, की पाणी कुठच्या कुठे सरकतं. होडी आणि काठ्या चिखलातून पोरांनीच उचलून न्यायच्या असतात.

करमाळकर:
माझा विरोध आहे. बांबू असताना हे कशाला? मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो. बोरॅक्स-बोरिकमध्ये मुरवला तर कीड लागत नाही. मोडला तर बाजारातून दुसरा आणता येतो. कार्बनची काठी मोडली की दुसरा टाकाऊ मास्ट मिळेपर्यंत गोव्यासारख्या समुद्रकाठाकडे तोंड करून बसायचं का? दुसरं म्हणजे, विंडसर्फिंगचा मास्ट वाकण्यासाठीच बनवलेला असतो. त्यांचं शीड त्या वाकाच्या मापाने शिवतात. आपलं ताडपत्रीचं सपाट शीड त्यावर लावलं, तर वारा वाढताच त्याचा आकार जाईल.

भीमाकाठ_माढा:
वाक मोजता येतो, त्यावर अंदाजाने बोलायला नको. मास्ट दोन्ही टोकांपासून पाच-पाच सेंमी आत टेकवायचा, मधोमध 30 किलो टांगायचे आणि तो किती खाली आला ते मोजायचं. लांबीला त्या आकड्याने भागलं की कडकपणाचा अंक मिळतो. 460 चा मास्ट 18.4 सेंमी वाकला तर अंक 25. जाड बुंध्याचा भाग बराच कडक असतो, तो डोलकाठीला घ्या. निमुळतं टोक आडव्या काठीला जातं, तिथे थोडा वाक उलट सोयीचाच आहे, झोत आला की शिडाचा वरचा भाग आपोआप सैल पडतो. बांबूची दोन कांडी कधी एकसारखी वाकतात का?

फायबरकाम_एमआयडीसी:
मी अक्कलकोट रोडला फायबरचं काम करतो. कल्पना चांगली आहे, पण नुसता पाइप बसवून एम-सील लावला आणि झालं, असं करू नका. जोडाच्या आत घट्ट बसणारी दुसरी नळी पाहिजे, दोन्ही बाजूंना व्यासाच्या निदान चार-पाच पट आत गेलेली. वरून काचकापड आणि इपॉक्सी. आधी नाण्याने सगळी नळी ठोकून बघा. बद्द आवाज आला की आतले थर सुटलेत, तेवढा भाग कापून टाका. कापताना मास्क लावा आणि पाणी मारत कापा, ती धूळ फार वाईट असते. उन्हात इपॉक्सी खराब होतं आणि आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे, म्हणून वर रंग मारा. ॲल्युमिनियमचं काही बसवणार असाल तर मध्ये काचकापडाचा एक थर द्या, नाहीतर कार्बनमुळे ते गंजतं.

वायरमन_टेंभुर्णी:
मोठी गोष्ट कुणीच बोललं नाही. कार्बनमधून वीज वाहते! उजनीच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत, तारा थेट पाण्यापर्यंत आल्यात. पाणी मागं गेलं की केबलही पुढं जाते. पोरं साडेचार मीटरची काठी उभी करून त्याखालून होडी ओढणार? मे 2024 मध्ये कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळात बोट उलटून सहा जण गेले. तसं वळवाचं वादळ विजा घेऊनच येतं. मला हे पटत नाही.

भीमाकाठ_माढा:
तारांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणून काठी काठावर आडवीच न्यायची आणि पाण्यात होडी तारांपासून लांब गेल्यावरच उभी करायची. दोन किलोची काठी पाण्यात उभी करता येते, आठ किलोची पोरांच्याने होत नाही. ढग दिसले की होडी काठावर, मग काठी कशाचीही असो. पण कार्बन सोडायला मी तयार नाही.

वायरमन_टेंभुर्णी:
पोरं घाईत असली की काठी काठावरच उभी करणार. मोठ्या माणसानं नियम पाळला तरी पोरं पाळतीलच असं नाही. जुने निव्वळ काचतंतूचे मास्ट मिळत असतील तर ते घ्या, जड असले तरी त्यातून वीज जात नाही. तसले मिळाले तर होड्या उतरवायची जागा मी येऊन बघतो, तारा कुठून जातात ते दाखवतो. कार्बनला माझी सही मिळणार नाही.

करमाळकर:
आणि काचतंतूचाच जड मास्ट घ्यायचा असेल, तर वजनाचा तुमचा अर्धा हिशेब तिथेच गेला. मग माझा बांबू काय वाईट आहे?