मदत हवी आहे : आईसोबत कोन्या आणि गोरेमे
येत्या डिसेंबरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन मी तुर्कस्तानातील अनातोलियात जाणार आहे. सूफी संतकवी मौलाना रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी कोन्यात निवर्तले आणि तो दिवस तिथे शोकाचा नव्हे, तर परमेश्वराशी मीलनाचा म्हणून पाळला जातो. वारकरी घरात वाढलेल्या आईला त्या दिवशी त्यांच्या कबरीपुढे हात जोडून उभे राहायचे आहे. कबरीची ही वास्तू १९२७ पासून संग्रहालय असली, तरी असंख्य भाविकांसाठी ती आजही श्रद्धास्थानच आहे, म्हणून पेहराव आणि छायाचित्रण यांबाबत कोणते संकेत पाळावेत? समा (सूफी साधकांचे गिरक्या घेत केले जाणारे भक्तिनृत्य) सोहळ्याची तिकिटे किती आधी काढावीत? गोरेमेतील खडकात कोरलेली, भित्तिचित्रांनी सजलेली चर्चही पाहायची आहेत. तिथले चढ आणि पायऱ्या गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला झेपतील का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.