प्रतिसाद: पाणी निम्मं करा, मांडी नको

स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) आठ तास ठेवूनही मांडीचं मटण कोरडं आणि रस्सा पाणचट झाला, असं वर लिहिलंय. हा कुकर बेळगावात माझ्या ओट्यावर रोज चालतो, म्हणून सांगते.

मांडी मऊ, चरबी कमी, ती लांब शिजवली की सुकते. खाटकाकडून मान, खांदा आणि नळी मागून घ्या. त्यातला चिवट भाग मंद आचेवर तासन्‌तास राहिला की विरघळून रश्शाला दाटपणा देतो. बोटाला चिकटतो बघा, तोच खरा रस्सा. आणि झाकण बंद असल्यानं वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून गॅसवर पातेल्यात घालतो त्याच्या निम्मंच पाणी घाला.

मटण आधी कढईत लालसर परतायचं, ही पायरी चुकवू नका. कांदा, आलं-लसूण, सुकं खोबरं त्याच कढईत भाजून वाटायचं. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. बटाटे तळाला, मटणाच्या खाली, कारण ते उशिरा शिजतात. मग ‘लो’वर, म्हणजे कमी आचेवर, आठ तास. झाकण मधे उघडू नका, गेलेली उष्णता भरून यायला बराच वेळ लागतो.

पावसात वीज गेली आणि तुम्ही घरी असलात, तर लगेच गॅसवर शिजवून घ्या. बाहेर असताना किती वेळ गेली होती कळत नसेल, तर जीव कितीही हळहळला तरी टाकून द्या.

सोबत ज्वारीची गरम भाकरी हवीच.