३८१६५४७२९ या आकड्यात एवढं काय आहे?

चोपडावाला:
नमस्कार मंडळी, पोरगी आठवीला आहे, काल ओट्यावर बसून तिनं केळीच्या काटापावतीमागे ३८१६५४७२९ लिहिलं न म्हणे पप्पा याच्यात १ ते ९ सगळे आकडे एकेकदाच आलेत, पहिले दोन घेतले तर २ नं भाग जातो, पहिले तीन घेतले तर ३ नं, असं थेट ९ पर्यंत. मी ३८१ भागिले ३ केलं, १२७ आले. पण हे जमतं कसं, आणि असा आकडा एकच आहे का?

भुसावळकर:
एकच आहे भो. मी ७ वाला तपासला, तोच अवघड, ३८१६५४७ भागिले ७ बरोबर ५४५२२१. शेवटी ० लावा, मग १० नंही भाग जातो.

गणिताच्या ताई:
दादा, आधी पोरीला शाबासकी द्या. पाचव्या जागी ५ च पाहिजे, सम जागांवर सम आकडे, म्हणून विषम जागांवर विषम. ४ च्या कसोटीनं चौथ्या जागी २ किंवा ६ च उरतो. मग मधल्या तिघांची बेरीज ३ च्या पाढ्यात यायला हवी म्हणून मधे २५८ नाहीतर ६५४, मला ही पायरी फार आवडते, एवढा मोठा आकडा न मधे दोनच पर्याय! ९ ची काळजीच नाही, बेरीज ४५ च. ८ ची कसोटी लावली की १० आकडे उरतात, ७ नं भागले की हा एकटाच टिकतो.

चोपडावाला:
ताई, ते १० आज रात्री दोघं बसून काढतो.